टायटॅनियम की स्टील? पेणच्या बाकावरची दोन हेडं

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

हा लेख लिहायला बसण्याआधी हॉस्टेलच्या मागच्या शेडमध्ये जाऊन गाड्या मोजून आलो. एकतीस भरल्या. त्यातल्या दोन आरएक्स १००. त्या दोघांच्या मालकांनी लेख इथेच सोडून मेसला पळायला हरकत नाही, कारण आपण ज्या व्हॉल्व्हबद्दल बोलणार आहोत ते टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये नसतातच. (रीड व्हॉल्व्ह असतो, माहीत आहे, ते व्हायव्हात सांगा.) उरलेल्या एकोणतीस जणांनी मात्र बसावं. "इंजिन उघडलंच आहे तर टायटॅनियमचे व्हॉल्व्ह टाकू" हे वाक्य तुमच्यातल्या निदान पाच-सहा जणांच्या तोंडून मी ऐकलं आहे. गेल्या दिवाळीत हेच वाक्य ऐकून मी घरच्या माणसाला सल्ला दिला होता. थर्ड इयर मेकॅनिकलच्या रुबाबात दिला होता. त्याचे पैसे भरले दादाने.

दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. आमचं घर रोह्यात. दादा कुरियरचं काम करतो. सकाळी रोह्याहून पार्सलं घेऊन निघायचं, भिसे खिंड ओलांडून नागोठणे, मग हायवेने वडखळ, पेण आणि संध्याकाळी परत. मागे गोणीभर ओझं. गाडी २००८ ची स्प्लेंडर, टाकीवर अजून 'हिरो होंडा' लिहिलेलं. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं तेव्हा ही गाडी तीन वर्षांची होती; त्यानंतरचे सगळे खड्डे, सगळी डायव्हर्शनं आणि सगळी धूळ तिने खाल्ली आहे. गाडी चालली तर त्या दिवसाचे पैसे, नाही चालली तर नाही, असा दादाचा सरळ हिशेब.

सप्टेंबरात हेडमधून टक-टक आवाज यायला लागला. टॅपेटचा आवाज. कोणीतरी म्हणालं, इंजिन वाजतंय, विकून टाक. दादाने एका रविवारी पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन टॅपेटचा स्क्रू आवळला, आवाज पूर्ण बंद होईपर्यंत आवळला, आणि खूश झाला. गाडी शिवणयंत्रासारखी चालायला लागली. तीन आठवड्यांनी खिंडीत पिकअप मिळेना. मग किक हलकी लागायला लागली, सायलेन्सरमधून फट-फट, आणि धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी गाडी बंदच. हेड उघडलं तर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हची कड एका जागी बिस्किटाचा तुकडा मोडावा तशी उडालेली.

हे का झालं ते आपल्यापैकी बहुतेकांनी परीक्षेत लिहिलं आहे, फक्त गाडीशी जोडलेलं नाही. व्हॉल्व्ह उघडतो कॅम आणि रॉकर, बंद करते स्प्रिंग. व्हॉल्व्ह बंद असताना त्याचं डोकं सीटवर घट्ट बसलेलं असतं आणि तेवढ्याच वेळात ते स्वतःची उष्णता सीटला देऊन टाकतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं चालू इंजिनात सातशे अंशांच्या पुढे जातं. त्याच्या उष्णतेतला साधारण तीन चतुर्थांश भाग सीटवाटे जातो, उरलेला दांड्यातून गाइडला. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांब होतो, म्हणून रॉकर आणि दांडा यांच्यात थंड असताना मिलिमीटरचा काही शतांश भाग मोकळा ठेवायचा. तीच ती टक-टक. दादाने ती जागाच बुजवली. मग गरम झाल्यावर व्हॉल्व्हला पूर्ण बसायला जागा उरली नाही. तो केसभर उघडा राहिला, सीटला टेकला नाही, उष्णता जायचा रस्ता बंद, आणि त्या केसभर फटीतून जळता वायू गॅस-कटरच्या ज्योतीसारखा सुटला. कड उडाली.

म्हणजे चूक स्क्रूची होती, धातूची नव्हती. पण हे तेव्हा ना दादाला सुचलं, ना मला.

दादाचा फोन आला. मुंबईत एका दुकानात स्प्लेंडरला बसणारा टायटॅनियमचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिळतोय, सोनेरी आहे, "पुन्हा कधीच जळणार नाही" असं दुकानदार म्हणतोय, साध्या व्हॉल्व्हच्या कितीतरी पट पैसे आहेत. तू इंजिनिअर, तू सांग. मी मटेरियल्सच्या पुस्तकातला तक्ता उघडला. टायटॅनियमचा वितळणबिंदू १६६८ अंश, लोखंडाचा १५३८. वर टायटॅनियम हलकं. मी म्हटलं, दादा, घे. एका मिनिटात. एवढ्या वेळात मी मेसची भाजीसुद्धा निवडत नाही.

भाऊबीजेनंतर हेड एका तांदळाच्या पिशवीत घालून, सोनेरी व्हॉल्व्ह खिशात ठेवून, मी आणि दादा एसटीने पेणला मामाकडे गेलो. मामाचं लेथचं दुकान आहे. लेथ, ड्रिल, व्हॉल्व्ह सीट कापायची हत्यारं, आणि दारात कायम दोन-तीन उघडलेल्या मोटारसायकली. मामा डिप्लोमा नाही, आयटीआय. आम्ही गेलो तेव्हा बाकावर आधीच दुसरं एक हेड ठेवलेलं होतं, बाहेरच्या देशातून आलेल्या २५० सीसी डर्ट बाइकचं. त्याच्याकडे नंतर येऊ, कारण खरा धडा त्या हेडमध्ये होता.

मामाने सोनेरी व्हॉल्व्ह हातात घेतला, बोटांवर तोलला, काही बोलला नाही. खणातून लाउडस्पीकरचं जुनं चुंबक काढलं. व्हॉल्व्हच्या डोक्याला लावलं. चिकटलं नाही.

दादा म्हणाला, "बघा मामा! लोखंड असतं तर चिकटलं असतं."

मामाने दादाचा जळलेला, कंपनीचा जुना व्हॉल्व्ह उचलला आणि त्याच्या डोक्याला चुंबक लावलं. तेही चिकटलं नाही. मग त्याच हेडमधला इनटेकचा व्हॉल्व्ह घेतला. तो टपकन चिकटला.

"आता सांग भाच्या," मामा माझ्याकडे बघून म्हणाला, "कॉलेजात काय शिकवतात?"

इथे मला घाम फुटला, पण उत्तर आठवलं, ते तुमच्यासाठी लिहून ठेवतो. इनटेकचे व्हॉल्व्ह बहुतेक वेळा सिलिकॉन-क्रोम स्टीलचे असतात. बाजारात त्याला ईएन ५२ म्हणतात. त्यात साधारण तीन टक्के सिलिकॉन आणि आठ-नऊ टक्के क्रोमियम. ते मार्टेन्सिटिक, म्हणजे चुंबकाला चिकटणारं. एक्झॉस्टला हे स्टील टिकत नाही, म्हणून तिथे २१-४ एन नावाचं स्टील वापरतात: २१ टक्के क्रोमियम, ४ टक्के निकेल, ९ टक्क्यांच्या आसपास मॅंगनीज आणि थोडा नायट्रोजन. हे ऑस्टेनिटिक, चुंबकाला न चिकटणारं. पुष्कळदा दोन्हींचा मेळ असतो. डोकं २१-४ एनचं आणि दांड्याचा खालचा भाग साध्या कडक स्टीलचा, घर्षणाने जोडलेला. अशा व्हॉल्व्हचं डोकं चिकटत नाही, टोक चिकटतं. सांगायचं एवढंच की 'चुंबक चिकटत नाही म्हणून टायटॅनियम' हा पुरावा नाही. आणि सोनेरी रंग? तो टायटॅनियम नायट्राइडच्या पातळ थराचा. आपल्या वर्कशॉपमधल्या ड्रिल बिटांवर तोच असतो. ड्रिल बिटला आपण टायटॅनियम म्हणत नाही.

मग मामा आम्हाला घेऊन मागच्या आळीतल्या सोनाराकडे गेला. ही युक्ती मला फार आवडली, कोणीही करू शकतो. व्हॉल्व्ह काट्यावर ठेवला: १८.६ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणला. व्हॉल्व्हला दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडवला, पण हातात लटकताच धरला, तळाला-काचेला लागू दिला नाही. काट्यावर आकडा आला २.४. व्हॉल्व्हने जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढं ते वजन, म्हणजे व्हॉल्व्हचं आकारमान २.४ घन सेंटिमीटर. १८.६ भागिले २.४, उत्तर ७.७५. टायटॅनियमच्या मिश्रधातूची घनता ४.४ च्या जवळ असते; याच आकाराचा टायटॅनियमचा व्हॉल्व्ह साडेदहा ग्रॅमच्या आसपास भरला असता. आमच्या हातात होतं ते स्टील, सोन्याचा मुलामा दिल्यासारखं.

सोनार हसला नाही, ही त्याची सभ्यता. म्हणाला, आमच्याकडे रोज येतात असे.

दादाचा चेहरा पडला. परत येताना तो एवढंच म्हणाला, "खरा असता तर चाललं असतं ना पण?" मला वाटलं होतं, मामा हो म्हणेल. मामा म्हणाला, "खरा असता तर जास्त वाईट झालं असतं."

हे वाक्य समजून घ्यायला मला सुट्टी संपवून परत यावं लागलं आणि आपल्या थर्मलच्या सरांच्या केबिनमध्ये दोन वेळा बसावं लागलं. आता समजलं तसं सांगतो.

पहिली गोष्ट, वितळणबिंदू इथे कामाचा आकडाच नाही. व्हॉल्व्ह वितळून मरत नाही, गरम असताना कमजोर होऊन मरतो. सर्वांत जास्त वापरली जाणारी टायटॅनियमची मिश्रधातू, ज्यात सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असतं, ती चारशे अंशांच्या आसपासच हात टेकायला लागते. उष्णतेसाठी बनवलेली दुसरी जात, कथील, झिर्कोनियम आणि मॉलिब्डेनमवाली, सव्वापाचशेच्या आसपासपर्यंत जाते. त्यापुढे टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन स्वतःत शोषून घेतं आणि वरचा थर ठिसूळ होतो. आणि दादाच्या एक्झॉस्टचं डोकं सातशेच्या पुढे! लोखंड १५३८ ला वितळतं आणि टायटॅनियम १६६८ ला, या माहितीवर मी सल्ला दिला होता. पेणमध्ये गणपती पोहोचवणाऱ्या टेम्पोवाल्याला विचारा: पीओपीची मूर्ती उचलायला हलकी, शाडूची जड. पण विसर्जनानंतर पाण्यात कोण कशी वागते ते उचलताना कळत नाही. धातूचंही तसंच, कुठे ठेवणार ते आधी सांगा.

दुसरी गोष्ट, टायटॅनियम उष्णता वाहून नेण्यात मंद आहे. २१-४ एन स्टीलही काही तांब्यासारखं नाही, पण टायटॅनियमची वाहकता त्याच्याही निम्म्याच्या आसपास. डोक्याची उष्णता दांड्यातून गाइडकडे जायचा रस्ता अजूनच अरुंद झाला.

तिसरी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आलीच नसती: टॅपेटचं अंतर धातूवर अवलंबून आहे. साठ मिलिमीटर लांबीचा व्हॉल्व्ह शंभर अंशांनी तापला तर २१-४ एनचा साधारण ०.११ मिलिमीटर वाढतो, टायटॅनियमचा ०.०५ च्या थोडा वर. हेडचं ॲल्युमिनियम तेवढ्याच लांबीत, तेवढ्याच तापमानाला, ०.१४ वाढतं. म्हणजे नुसता धातू बदलला की दर शंभर अंशांमागे अर्ध्या दशांश मिलिमीटरचा फरक. आणि आपण टॅपेटला ठेवतो ते अंतरच मुळी त्याच मापाचं! कंपनीच्या पुस्तकातला आकडा कंपनीच्या व्हॉल्व्हसाठी आहे. दुसऱ्या धातूचा व्हॉल्व्ह घालून पुस्तकातला आकडा लावणं म्हणजे मित्राच्या चष्म्याच्या नंबरवर आपला चष्मा बनवणं.

आता तुम्ही म्हणाल, एक्झॉस्ट सोडा, इनटेकला तरी टायटॅनियम घालून स्प्लेंडर पळेल ना? गणित करू, अंदाजाचेच आकडे घेऊन. इंजिन मिनिटाला ८००० फेऱ्यांवर आहे. एक फेरी ७.५ मिलिसेकंदांची. इनटेक साधारण २४० अंश उघडा राहतो असं धरलं, तर तो उघडून परत बंद व्हायला ५ मिलिसेकंद मिळतात. उचल साडेसहा मिलिमीटर धरा, हालचाल साइन वक्रासारखी धरा. सर्वांत वरच्या बिंदूपाशी त्वरण येतं सेकंदाला ५१०० मीटर प्रति सेकंद, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सव्वापाचशे पट. (पुन्हा एकदा करून बघा, मी तीनदा केलं.) व्हॉल्व्ह २० ग्रॅमचा, आणि रिटेनर, लॉक, स्प्रिंगचा आणि रॉकरचा वाटा धरून हलणारं एकूण वजन ४० ग्रॅम धरलं, तर व्हॉल्व्हला कॅमला धरून ठेवायला स्प्रिंगला त्या क्षणी २१ किलोचा जोर लावावा लागेल. कमी पडला तर व्हॉल्व्ह कॅम सोडून तरंगतो. टायटॅनियम घातलं की २० चे साडेअकरा ग्रॅम होतात, एकूण साडेएकतीस, आणि लागणारा जोर साडेसोळा किलो. किंवा उलट बघा: तीच स्प्रिंग ठेवली तर ८००० ऐवजी जवळजवळ ९००० फेऱ्यांपर्यंत व्हॉल्व्ह तरंगणार नाही.

हजार फेऱ्या फुकट! पण स्प्लेंडरचं ९७.२ सीसी इंजिन आपली सगळी ताकद आठ हजारांच्या आसपास देऊन बसतं. कार्बोरेटर, पोर्ट, कॅम, सगळं तेवढ्यासाठीच बेतलेलं. नऊ हजारांवर नेलं तर आवाज वाढेल, वेग नाही. दादा भिसे खिंडीत गोणी घेऊन चढतो तेव्हा इंजिन चार-पाच हजारांवर असतं. तिथे कंपनीची स्प्रिंग आणि स्टीलचा व्हॉल्व्ह निवांत आहेत. स्प्रिंगने कधीच तक्रार केली नव्हती, तक्रार दादाच्या कानांनी केली होती.

आता ते दुसरं हेड. त्या गाडीचा मालक पूर्वी पुण्या-नाशिककडे सुपरक्रॉसच्या शर्यतींना जायचा. आता नोकरी, लग्न. पेणजवळ त्याच्या घरची जागा आहे, तिथे महिन्यातून दोन रविवार शेतातून गाडी फिरवतो. तक्रार एकच: गाडी स्टार्ट होत नाही, किक मारून पाय जातो. त्या इंजिनात चार व्हॉल्व्ह, पैकी इनटेकचे दोन टायटॅनियमचे आणि एक्झॉस्टचे दोन स्टीलचे. होंडाच्या सीआरएफ २५० आर वर २००४ पासून हीच मांडणी होती. बघा, ज्यांच्याकडे पैशाला, संशोधनाला कमी नाही, त्यांनीही या गाडीत टायटॅनियम घातलं ते थंड बाजूला, जिथे दर फेरीला ताजी हवा आणि पेट्रोल अंगावरून जातं. (यामाहाने २००१ च्या वायझेड २५० एफ ला पाचही व्हॉल्व्ह टायटॅनियमचे दिले होते, एक्झॉस्टसकट. जमतं, पण त्यासाठी धातूची जात, वरचा थर, सीट, सगळं त्यासाठीच केलेलं असतं, आणि ते शर्यतीचं इंजिन तासांवर मोजून उघडतात. टोयोटाने १९९८ मध्ये अल्टेझ्झा कारला टायटॅनियमचे व्हॉल्व्ह दिले तेव्हा त्यात बोराइडचे बारीक कण मिसळले होते.)

असं इंजिन तेरा हजारांच्या आसपास फिरतं. त्वरण फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतं. तेरा भागिले आठ, त्याचा वर्ग २.६४. आपल्या वरच्या उदाहरणातला स्टीलचा व्हॉल्व्ह तिथे नेला तर २१ किलोचे ५५ किलो होतात. तिथे आठ-नऊ ग्रॅम वाचवणं ही चैन राहत नाही. म्हणून टायटॅनियम.

पण टायटॅनियमचा व्हॉल्व्ह उघडा चालत नाही. टायटॅनियम दुसऱ्या धातूवर घासलं की चिकटतं, ओरबाडतं. म्हणून त्याच्या डोक्यावर, दांड्यावर नायट्राइड किंवा तसल्या कठीण पदार्थाचा काही मायक्रॉनचा थर असतो. तो थर आहे तोवर राजा. एअर फिल्टर साफ केला नाही, धूळ आत गेली, की सीटवर पॉलिश पेपर फिरवल्यासारखा थर जातो, आणि मग आतला मऊ धातू भराभर झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो. अंतर कमी होत जातं. मालकाने शिम बदलली. काही महिन्यांनी परत बदलली. तिसऱ्यांदा आठवड्यात अंतर गेलं. मामाचा नियम मी वहीत लिहून घेतला आहे: टायटॅनियमला एकदा शिम बदलावी लागली तर लक्ष ठेव, दुसऱ्यांदा लवकर लागली तर शिम बदलू नको, व्हॉल्व्ह बदल. भिंगातून बघितलं तर टेकायच्या जागी बशीसारखा खळगा पडला होता.

इथेच आमच्या डोळ्यांदेखत खरी निवड झाली. मालकाचं म्हणणं, टायटॅनियम परत नको, महाग आहे, स्टीलचे टाका. मामाने एकच विचारलं, "तेरा हजारांवर आता किती वेळ चालवता?" मालक म्हणाला, कुठे चालवतोय, चिखलातून बैलगाडीच्या वेगाने. मग स्टील बरोबर. पण मामाने नुसते स्टीलचे व्हॉल्व्ह बसवायला साफ नकार दिला. व्हॉल्व्ह जड झाला, स्प्रिंग जुनीच हलक्या व्हॉल्व्हसाठीची. एक दिवस मालकाला जुनी सवय आठवेल, तो गाडी पिळेल, व्हॉल्व्ह तरंगेल आणि खालून येणारा पिस्टन त्याला गाठेल. मग हेड, पिस्टन, रॉड सगळं एकदम. म्हणून स्टीलचे व्हॉल्व्ह आणि त्यांच्याच जोडीच्या कडक स्प्रिंगा, दोन्ही एकत्र मागवायच्या, सीट नव्याने कापायची. मालक तोंड वाकडं करून तयार झाला. तो अजून शर्यतीत असता तर मामाने टायटॅनियमच टाकायला सांगितलं असतं, आणि तेही बरोबरच असतं.

जाता जाता एक गंमत. टायटॅनियम दुर्मीळ आहे म्हणून महाग, असं मला वाटायचं. चूक. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळबादेवी, नेवरे, मालगुंड भागातल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, म्हणजे टायटॅनियमचं खनिज. सुट्टीत आपण त्याच्यावर क्रिकेट खेळतो. महाग आहे ते त्याला ऑक्सिजनपासून सोडवणं. कोळशाच्या भट्टीत ते लोखंडासारखं सुटत नाही. आधी क्लोरीनशी संयोग, मग मॅग्नेशियमने क्षपण, मग निर्वातात वितळवणं. आपल्या देशात टायटॅनियम स्पंज बनवायचा कारखाना केरळात चवरा इथे २०११ मध्ये सुरू झाला, इस्रोच्या मदतीने. इकडे वडखळवरून जाताना डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसतात. व्हॉल्व्हचं स्टील तिथलं नव्हे, तिथे पत्र्याचं पोलाद बनतं. पण स्टील स्वस्त का हे त्या कारखान्याच्या आकारावरून कळतं.

दादाचं हेड मामाने त्याच दिवशी घेतलं. सोनेरी व्हॉल्व्ह बाजूला ठेवला. स्टील म्हणून कदाचित चांगलाही असेल, पण कोणत्या स्टीलचा आहे ते सांगणारं कोणी नाही, म्हणून बसवणार नाही, असं म्हणाला. बाजारातून कंपनीचा व्हॉल्व्ह आणला, साधा, करड्या रंगाचा. तो गाइडमध्ये घालून हलवून बघितला. गाइड सैल निघाला, तोही बदलला. (हे कोणी करत नाही. सैल गाइडमध्ये नवा व्हॉल्व्ह सीटवर रोज वेगळ्या जागी बसतो आणि पुन्हा जळतो.) सीट कापली, टेकायची पट्टी मिलिमीटरभर रुंद ठेवली. मग पेस्ट लावून काठीने व्हॉल्व्ह घासायचं काम मला दिलं. दोन्ही तळहातांत काठी, ताक घुसळल्यासारखी. टायटॅनियमचा असता तर हे करायचंच नाही, पेस्टने वरचा थरच निघून जातो. पाऊण तासाने करडी, सलग, एकसारखी कडी उमटली. व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग बसवल्यावर मामाने पोर्टमध्ये पेट्रोल ओतून हेड बाकावर ठेवलं आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत आत थेंब उतरला नाही.

टॅपेट मात्र मामाने लावली नाही, दादाला लावायला दिली. ब्लॉकवर हेड चढवायला मामा दुसऱ्या दिवशी स्वतः रोह्याला आला होता. इंजिन रात्रभर थंड झालेलं. मॅग्नेटवरची टी खूण जुळवली, दोन्ही रॉकर हाताला सैल लागतात ना ते बघितलं, फिलर गेजची पट्टी मधे घातली. दादाने स्क्रू आवळला, मामाने पट्टी ओढून बघितली, म्हणाला, "घट्ट." दादाने सैल केला. "अजून थोडा." पट्टी लोण्यातून सुरी जावी तशी, पण किंचित अडत, बाहेर आली. नट आवळताना स्क्रू फिरला, म्हणून परत पहिल्यापासून. चौथ्या वेळी जमलं.

किक मारली. गाडी चालू झाली, आणि हेडमधून बारीक टक-टक यायला लागली. दादाने मामाकडे बघितलं.

"वाजू दे," मामा म्हणाला.

सात दिवसांची रोजी आणि सोनेरी व्हॉल्व्हचे पैसे, एवढं दादाचं गेलं. व्हॉल्व्हचे पैसे मी माझ्या स्कॉलरशिपमधून देतो म्हटलं. त्याने घेतले नाहीत, अर्धी रक्कम मी वहिनीकडे ठेवून आलो. तो सोनेरी व्हॉल्व्ह सध्या माझ्या टेबलावर आहे, दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली. ज्याला पाण्यात वजन करून बघायचं असेल त्याने केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये परवानगी काढावी आणि दोरा स्वतःचा आणावा.